पहिला क्रमांक फ्रान्सचा, पण कशात?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेचे आकडे जाहीर झाले की दरवर्षी जगातील सर्वाधिक लोकप्रिय देशांच्या याद्या सगळीकडे फिरू लागतात. त्यांतला पहिला क्रमांक बहुतेकांना आधीच ठाऊक असतो. २०२४ मध्ये फ्रान्समध्ये सुमारे १० कोटी परदेशी पर्यटक आले, स्पेनमध्ये ९ कोटी ३८ लाख आणि अमेरिकेत ७ कोटी २० लाखांच्या आसपास. त्यानंतर तुर्कस्तान, इटली, मेक्सिको यांची नावे येतात. यादीच्या वर आयफेल टॉवरचे छायाचित्र असते आणि खाली फ्रान्समधील संग्रहालयांची, द्राक्षमळ्यांची आणि खाद्यसंस्कृतीची स्तुती. मला या याद्या वाचायला आवडतात, पण त्यांच्यासोबत दिली जाणारी कारणे सहसा पटत नाहीत. ज्या देशात जास्त लोक जातात तो देश लोकांना जास्त आवडतो, हे गृहीतक वरवर पाहता निर्विवाद वाटते. आकडे कसे तयार होतात हे पाहू लागल्यावर मात्र ध्यानात येते की देशाचे या यादीतील स्थान ठरवण्यात त्याच्या सौंदर्याइतकाच, किंबहुना काकणभर जास्त, वाटा त्याच्या शेजाऱ्यांचा, रस्त्यांचा, व्हिसाच्या नियमांचा आणि मोजणीच्या पद्धतीचा असतो.

मुळात पर्यटक कोणाला म्हणायचे, याची व्याख्या ठरलेली आहे. आपण राहतो तो देश सोडून दुसऱ्या देशात जाणारा, तेथे किमान एक रात्र मुक्काम करणारा, वर्षभराहून कमी काळ राहणारा आणि तेथील नोकरीसाठी न गेलेला प्रवासी म्हणजे आंतरराष्ट्रीय पर्यटक. हेतू कोणताही चालतो. संग्रहालये पाहायला आलेला, तीर्थयात्रेला आलेला, भाचीच्या लग्नाला आलेला, शस्त्रक्रियेसाठी आलेला आणि दोन दिवसांच्या व्यावसायिक परिषदेला आलेला, हे सगळे या हिशेबात सारखेच. नागरिकत्वही येथे गौण ठरते, कारण वास्तव्याचा देश पाहिला जातो. मोरोक्कोने २०२४ मध्ये १ कोटी ७४ लाख पर्यटकांची नोंद करून इजिप्तला मागे टाकले आणि आफ्रिकेत पहिला क्रमांक मिळवला. त्या आकड्यातील जवळजवळ निम्मे लोक फ्रान्स, स्पेन, बेल्जियम अशा देशांत स्थायिक झालेले आणि सुट्टीत आपल्या माणसांना भेटायला आलेले मोरोक्कन होते. व्याख्येप्रमाणे त्यात काहीही चुकीचे नाही. फक्त आईला भेटायला जाणाऱ्या मुलाच्या प्रवासावरून मोरोक्कोच्या वाळवंटाची लोकप्रियता मोजू नये, एवढेच.

एका रात्रीची ही अट दिसते तितकी किरकोळ नाही. हाँगकाँगमध्ये २०१८ साली साडेसहा कोटी प्रवासी आले, पण त्यांतले रात्रभर राहिलेले तीन कोटींहून कमी. उरलेल्यांतले बहुतेक सकाळी चीनच्या मुख्य भूमीतून येऊन खरेदी करून संध्याकाळी परत गेलेले होते. क्रूझ जहाजावरून उतरून दिवसभर शहर पालथे घालणारे आणि रात्री जहाजावरच झोपणारे प्रवासीही पर्यटक गणले जात नाहीत, त्यांची नोंद वेगळ्या खात्यात होते. उलट, ज्याला त्या देशात पाहण्यासारखे काय आहे याच्याशी काही देणेघेणे नाही, पण रस्त्यात रात्र झाली म्हणून जो मुक्कामाला थांबला, तो मात्र रीतसर पर्यटक ठरतो.

आणखी एक गोष्ट बहुतेक याद्या सांगतच नाहीत. हे आकडे माणसांचे नसून आगमनांचे असतात. २०२४ मध्ये जगभरात सुमारे १४० कोटी आंतरराष्ट्रीय पर्यटक होते असे आपण वाचतो, तेव्हा तितक्या वेगवेगळ्या माणसांनी परदेशवारी केली असा त्याचा अर्थ होत नाही. एकच माणूस वर्षात चार वेळा गेला तर चार आगमने, आणि एकाच सहलीत पाच देशांत राहिला तर पाच आगमने. ब्रुसेल्सहून निघून लक्झेंबर्ग, स्ट्रासबर्ग, बाझेल करत मिलानला पोहोचणारा अमेरिकन प्रवासी प्रत्येक ठिकाणी रात्र काढत गेला, तर वाटेत पाच देशांच्या आकड्यांत भर घालतो. त्याहूनही लांबचा प्रवास, पण टेक्सास या एकाच राज्याच्या पूर्व टोकापासून पश्चिम टोकापर्यंत करणाऱ्या बेल्जियन प्रवाशामुळे अमेरिकेच्या खात्यात एकाचीच भर पडते. जगातील निम्म्याहून अधिक आगमने युरोपात होतात याची अनेक खरी कारणे आहेत, पण लहान लहान देश एकमेकांना चिकटून असणे हे त्यांतले फार मोठे कारण आहे. जगातील पाचांपैकी सुमारे चार पर्यटक आपल्याच भूभागातील देशांत जातात. दूरदेशीचा प्रवास जाहिरातींत आणि छायाचित्रांत जितका दिसतो तितका आकड्यांत नसतो.

फ्रान्सचे पहिले स्थान या दृष्टीने पाहिले की जास्त उलगडते. हा देश एका बाजूला ब्रिटन, बेल्जियम, नेदरलँड्स, जर्मनी हे पाऊसपाण्याचे, दाट वस्तीचे, पैसेवाले देश आणि दुसऱ्या बाजूला स्पेन व इटली यांचे उबदार किनारे यांच्या बरोबर मधोमध पसरलेला आहे. ॲमस्टरडॅमहून बार्सिलोना गाडीने सुमारे १,५५० किलोमीटर आहे. मुले मागच्या आसनावर आणि कॅरव्हॅन गाडीच्या मागे, अशा थाटात निघालेल्या डच कुटुंबाला हे अंतर एका दिवसात कापणे शक्य नसते. मेत्झ, नान्सी, दिजाँ असे करत ते संध्याकाळी बोन किंवा लियोंच्या आसपास कोठेतरी थांबते, आणि फ्रान्सला जाताना एक आणि येताना एक असे दोन मुक्काम मिळतात, म्हणजे कुटुंबातील प्रत्येक माणसामागे दोन आगमने.

जुलैच्या अखेरच्या किंवा ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी लियोंच्या दक्षिणेला जाणाऱ्या महामार्गावरचा विसाव्याचा थांबा पाहिला की हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फ्रान्समध्ये सुट्टीची घरे आणि तंबूतळावरच्या जागा बहुधा शनिवार ते शनिवार भाड्याने दिल्या जातात, त्यामुळे आलेले आणि निघालेले दोघेही एकाच दिवशी रस्त्यावर असतात. पिवळ्या पाट्यांच्या डच गाड्या, पांढऱ्यावर लाल अक्षरांच्या बेल्जियन गाड्या, छतावर बांधलेल्या सायकली, काचेला अडकवलेले टॉवेल, सावलीतल्या बाकांसाठी चाललेली घाई, आणि इंधनाच्या रांगेत इंजिन बंद करून दारे उघडी टाकून बसलेले लोक. रस्त्यावरच्या गर्दीचा अंदाज वर्तवण्यासाठी फ्रान्समध्ये ‘बिझाँ फ्युते’ नावाची सरकारी सेवा १९७६ पासून चालते. ती प्रत्येक दिवसाला हिरवा, नारिंगी, लाल किंवा काळा रंग देते, आणि हे शनिवार बहुधा लाल किंवा काळ्या रंगाचे असतात. या बाकांवर बसून डबा खाणाऱ्यांपैकी कितीजण फ्रान्स पाहायला आले आहेत आणि कितीजण फ्रान्स ओलांडायला, हे वार्षिक आकड्यात कोठेही लिहिलेले नसते.

याचा अर्थ फ्रान्सकडे स्वतःचे काही नाही असा मुळीच नाही. आल्प्समधील हिमक्रीडा, भूमध्य आणि अटलांटिक असे दोन समुद्रकिनारे, लूर्द या ख्रिस्ती तीर्थस्थानाची यात्रा, २०१८ मध्ये एका वर्षात एक कोटीहून अधिक लोकांनी पाहिलेले लूव्र संग्रहालय, १९९२ पासून पॅरिसजवळ असलेले डिस्नेलँड, १९८१ पासून धावणारी वेगवान रेल्वे आणि १९९४ पासून ब्रिटनशी जोडणारा समुद्राखालचा बोगदा, हे सगळे एकाच देशात असणे ही खरोखरच मोठी जमेची बाजू आहे. उन्हाळा आणि हिवाळा असे दोन्ही हंगाम भरलेले असणारे देश जगात फार नाहीत. पण पैशाकडे पाहिले की चित्र पालटते. परदेशी पर्यटकांकडून मिळणाऱ्या उत्पन्नात २०२४ मध्ये अमेरिका पहिली होती, सुमारे २१५ अब्ज डॉलर; दुसरा स्पेन, १०६ अब्ज; तिसरा ब्रिटन, ८४ अब्ज; आणि फ्रान्स चौथा, ७७ अब्ज. भागाकार केला तर अमेरिकेला एका पर्यटकामागे जवळजवळ ३,००० डॉलर मिळतात आणि फ्रान्सला ८०० सुद्धा नाहीत. रात्रीपुरते थांबून, तंबूत झोपून, घरून आणलेले डबे उघडणाऱ्यांची संख्या मोठी असली की असेच होणार. यादी उत्पन्नाची लावायची ठरवली तर पहिल्या क्रमांकावरचा देश बदलतो, आणि ती यादी कमी खरी आहे असे म्हणायला काही आधार नाही.

हे मोजतात तरी कसे, असा प्रश्न येथे पडायलाच हवा. विमानतळावर पारपत्रावर शिक्का मारला की एक आकडा वाढत असेल, अशी आपली समजूत असते. जपानसारख्या बेटावरच्या देशात बव्हंशी तसेच होते. पण युरोपातील शेंगेन करारातील देशांच्या आपापसातील सीमांवर १९९५ पासून नियमित तपासणीच नाही. बेल्जियममधून फ्रान्समध्ये शिरताना फक्त एक निळी पाटी मागे पडते. त्यामुळे फ्रान्स आणि स्पेन या दोन्ही देशांत रस्ते, विमानतळ, बंदरे आणि रेल्वेस्थानके येथे प्रवाशांच्या मुलाखती घेऊन व गाड्यांची वाहतूक मोजून अंदाज बांधले जातात. ब्रिटनमध्ये १९६१ पासून विमानतळांवर आणि बंदरांवर प्रवाशांना थांबवून प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. आइसलँडमध्ये येणाऱ्यांऐवजी केफ्लाविक विमानतळावरून परत जाणारे परदेशी प्रवासी मोजतात, कारण शेवटी त्या बेटावरून बाहेर पडायची मुख्य वाट तीच. जर्मनी आणि ऑस्ट्रिया तर सीमेकडे पाहतच नाहीत. हॉटेले, अतिथिगृहे, तंबूतळ अशा निवासस्थानांत नोंद झालेले परदेशी पाहुणे तेवढे धरतात. मित्राकडे बर्लिनमध्ये आठवडाभर राहिलेला पाहुणा या हिशेबात येत नाही, आणि म्युनिक, न्यूरेंबर्ग, ड्रेस्डेन अशा तीन शहरांतील तीन हॉटेलांत राहिलेला एकच पाहुणा तीन वेळा येतो. संयुक्त राष्ट्रांच्या तक्त्यात प्रत्येक देशापुढे कोणती पद्धत वापरली याची खूण असते. तक्त्यावरून लोकप्रिय देशांची यादी करणारे सर्वांत आधी तीच खूण वगळतात, आणि मग वेगवेगळ्या मापांनी मोजलेले आकडे एकाखाली एक लिहून सहावा कोण आणि सातवा कोण यावर चर्चा रंगते.

स्पेनची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती फ्रान्सच्या गोष्टीपेक्षा जास्त रंजक वाटते, कारण येथे पर्यटन आपोआप आलेले नाही, ते ठरवून आणले गेले. १९५० च्या दशकात फ्रँकोच्या हुकूमशाहीतील स्पेन गरीब होता आणि परकीय चलनाला मोताद झाला होता. १९५९ च्या आर्थिक स्थिरीकरण योजनेत पेसेटा या तेथील तेव्हाच्या चलनाचे अवमूल्यन झाले. पश्चिम युरोपातील प्रवाशांसाठी व्हिसाची अट काढली गेली. त्याच सुमारास ब्रिटन आणि जर्मनीत कामगारांना पगारी रजा मिळू लागली होती आणि विमान, हॉटेल व जेवण एकाच किमतीत देणाऱ्या चार्टर सहली सुरू झाल्या होत्या. स्वस्त पेसेटा, हमखास ऊन आणि दोन-अडीच तासांचे विमान या तिहेरी योगामुळे १९६० मध्ये वर्षाला सुमारे ६० लाख असलेली प्रवाशांची संख्या १९७३ पर्यंत तीन कोटींच्या पुढे गेली. भूमध्य किनाऱ्यावरचे बेनिडोर्म हे मासेमारीचे गाव त्या काळात उंच इमारतींचे शहर झाले, आणि ते ओंगळ आहे असे म्हणणारे आजही पुष्कळ असले तरी लाखो लोकांना थोड्याशा जागेत, समुद्राच्या हाकेच्या अंतरावर, परवडणाऱ्या दरात सामावून घेण्याचे काम त्याने ज्या शिस्तीने केले ते अनेक सुंदर गावांना जमलेले नाही.

स्पेनमध्ये २०२४ साली आलेल्यांपैकी सुमारे १ कोटी ८४ लाख ब्रिटिश होते, त्याखालोखाल फ्रेंच आणि जर्मन. म्हणजे येथेही जवळपास निम्मी गर्दी तीनच देशांची. स्पेनचा हुकमी एक्का म्हणजे कॅनरी बेटे. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळच्या या बेटांवर जानेवारीतही उबदार हवा असते, त्यामुळे युरोप गारठलेला असताना इतर भूमध्य देशांची हॉटेले बंद होतात तेव्हा स्पेनचा हंगाम चालूच राहतो.

अमेरिकेच्या आकड्याबद्दल थोडक्यातच सांगता येईल, कारण त्यातील निम्म्याहून अधिक पर्यटक कॅनडा आणि मेक्सिको या दोन शेजाऱ्यांकडून येतात. उरलेल्यांना महासागर ओलांडावा लागतो, अनेकांना व्हिसाच्या मुलाखतीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागते, आणि एवढे सोसून आलेला माणूस दोन दिवसांत परत जात नाही. अमेरिकेचे उत्पन्न इतके जास्त असण्याचे एक कारण हेच आहे. शेजाऱ्यावर इतके अवलंबून राहण्याची दुसरी बाजू २०२५ मध्ये दिसली. आयातशुल्काच्या आणि राजकीय वक्तव्यांच्या वादानंतर कॅनडाच्या नागरिकांनी अमेरिकेला जाणे मोठ्या प्रमाणावर टाळले. तोवर ग्रँड कॅन्यनच्या खोलीत किंवा न्यूयॉर्कच्या रोषणाईत काही फरक पडलेला नव्हता.

मेक्सिकोच्या आकड्यातही अमेरिकेच्या सीमेलगतच्या पट्ट्यात येऊन एखादी रात्र राहणाऱ्यांचा मोठा हिस्सा असतो. पण मेक्सिकोचे खरे शिकण्यासारखे उदाहरण महामारीच्या काळातले आहे. २०२० मध्ये जगातील आंतरराष्ट्रीय पर्यटन सत्तर टक्क्यांहून अधिक घटले. २०१९ चे सुमारे १४६ कोटींचे आगमन ४० कोटींच्या आसपास आले. बहुतेक देशांनी दारे लावून घेतली असताना मेक्सिकोने विमानाने येणाऱ्यांना चाचणीची किंवा विलगीकरणाची अट घातली नाही, आणि २०२१ मध्ये सुमारे ३ कोटी १९ लाख पर्यटकांसह तो देश फ्रान्सच्या खालोखाल जगात दुसरा ठरला. त्या वर्षीच्या यादीत थायलंड शोधूनही सापडत नाही, कारण तेथील आगमने चार कोटींवरून काही लाखांवर आली होती. दोन वर्षांत कॅनकूनचे किनारे अधिक निळे झाले नव्हते आणि फुकेतचे कमी झाले नव्हते.

इटलीचा क्रमांक अनेकांना खटकतो. जागतिक वारसास्थळांच्या संख्येत इटली जगात पहिली आहे, तिच्याकडे साठाच्या आसपास स्थळे आहेत. रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस ही तीन शहरेच एखाद्या खंडाला पुरून उरतील अशी. तरीही ती फ्रान्स आणि स्पेनच्या मागे असते. नकाशा पाहिला तर यात नवल नाही: उत्तरेला आल्प्स आणि बाकी तिन्ही बाजूंना समुद्र असलेल्या या लांबट देशातून पलीकडे कोठे जायचे नसते, जो येतो तो इटलीलाच येतो. माझ्या मते इटलीचा आकडा फ्रान्सच्या आकड्यापेक्षा अधिक प्रामाणिक आहे. तुर्कस्तानने अलीकडच्या काळात तिला गाठले आहे. अंताल्याच्या किनाऱ्यावरची सर्वसमावेशक दरांची हॉटेले, घसरलेला लिरा, इस्तंबूलचा प्रचंड नवा विमानतळ आणि पाश्चात्त्य देशांची दारे बंद झाल्यावरही येऊ शकणारे रशियन पर्यटक, या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. तुर्कस्तानच्या एकूण आकड्यात परदेशात राहणारे तुर्कही येतात, हे मोरोक्कोच्या उदाहरणानंतर वेगळे सांगायला नको.

आशियात सध्या सर्वांत लक्षवेधी वाढ जपानची आहे. २०१२ मध्ये तेथे सुमारे ८४ लाख परदेशी प्रवासी आले होते. २०१९ मध्ये तो आकडा ३ कोटी १९ लाखांवर आणि २०२४ मध्ये ३ कोटी ६९ लाखांच्या आसपास गेला. फुजी पर्वत तर तेथेच होता. बदलले ते दोन गोष्टींनी. २०१३ पासून आग्नेय आशियातील देशांसाठी व्हिसाचे नियम सैल झाले, आणि येन घसरला. २०१९ मध्ये डॉलरला ११० च्या आसपास असलेला येन २०२४ च्या मध्यावर १६० पर्यंत गेला, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला अख्खा देश सवलतीच्या दरात मिळाल्यासारखे झाले. सर्वाधिक प्रवासी येथेही शेजारच्या दक्षिण कोरियातून येतात.

या वाढीचे एक लहानसे दृश्य २०२४ च्या मे महिन्यात जगभर गाजले. फुजीच्या पायथ्याशी असलेल्या फुजिकावागुचिको या गावात एका किराणा दुकानाच्या छपरावर पर्वताचे शिखर नेमके टेकल्यासारखे दिसते. ते छायाचित्र घेण्यासाठी लोक समोरच्या दवाखान्याच्या आवारात शिरत, रस्ता कोठेही ओलांडत, कचरा टाकून जात. सूचनाफलक आणि रखवालदार दोन्ही निष्फळ ठरल्यावर नगरपालिकेने पदपथाच्या कडेने अडीच मीटर उंच आणि वीस मीटर लांब काळी जाळी उभारली आणि पर्वतच झाकून टाकला. काही दिवसांतच त्या जाळीला मोबाइलच्या भिंगाएवढी भोके पाडलेली आढळली. ऑगस्टमध्ये वादळाच्या इशाऱ्यामुळे जाळी उतरवली गेली आणि ती पुन्हा लावली नाही. ज्या गावाला ही जाळी लावावी लागली, त्याला आपल्या देशाच्या विक्रमी आकड्याचे काय वाटत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

म्हणून मला तिसरे एक माप जास्त महत्त्वाचे वाटते: दर रहिवाशामागे किती पर्यटक. फ्रान्सची लोकसंख्या ६ कोटी ८० लाखांच्या घरात आहे, म्हणजे दर रहिवाशामागे दीड पर्यटक. स्पेनमध्ये सुमारे दोन. अमेरिकेत पाच रहिवाशांमागे जेमतेम एक. ऑस्ट्रियात ९० लाख लोक आणि तीन कोटींहून अधिक परदेशी पाहुणे. क्रोएशियात चाळीस लाखांहून कमी लोक आणि १ कोटी ७० लाखांहून अधिक परदेशी पाहुणे, तेही मुख्यत्वे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणि किनाऱ्याच्या अरुंद पट्टीत. आइसलँडची लोकसंख्या चार लाखांच्या आत आहे. २०१० मध्ये ज्वालामुखीच्या उद्रेकाने युरोपची विमाने जमिनीवर आणली, त्या वर्षी तेथे पाच लाखांच्या आत असलेले पर्यटक २०१८ पर्यंत तेवीस लाखांवर गेले. मालदीवमध्ये पाच लाख रहिवाशांमागे वर्षाला वीस लाख पर्यटक येतात. या मापाने लावलेल्या यादीत पहिल्या दहांतले परिचित चेहरे जवळजवळ सगळे गळून पडतात, आणि पाणी, कचरा, घरभाडे आणि रस्ते यांचा प्रश्न कोठे आधी पेटेल हे या यादीवरून अधिक चांगले कळते.

अर्थात देशाची सरासरीही फसवीच. गर्दी देशाला होत नाही, ती गल्ल्यांना होते. व्हेनिसच्या ऐतिहासिक भागात आता ५० हजारांहून कमी लोक राहतात, आणि तेथील दमछाक मुख्यतः रात्री न राहणाऱ्यांमुळे होते: किनाऱ्यावरच्या दुसऱ्या गावात उतरून दिवसापुरते येणारे, किंवा जहाजावरून उतरणारे. पहिल्या गटातील माणूस इटलीच्या आकड्यात आहे, पण व्हेनिसच्या हॉटेलांच्या नोंदीत नाही. दुसऱ्या गटातील माणूस पर्यटकांच्या आकड्यात कोठेच नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून मोठ्या जहाजांना सान मार्को चौकासमोरून जाण्याची बंदी झाली, आणि २५ एप्रिल २०२४ पासून ठरावीक दिवशी दिवसापुरत्या येणाऱ्यांकडून पाच युरो प्रवेशशुल्क घेणे सुरू झाले. मुक्कामी पाहुण्यांना ते माफ आहे. पाच युरोंनी कोणी परत फिरत नाही, हे शहरालाही ठाऊक असावे. पण शुल्कासाठी आधी नोंदणी करावी लागते, आणि त्यामुळे कोणत्या दिवशी किती माणसे येतात याचा थोडाफार अंदाज शहराला मिळू लागला, हा त्या पाच युरोंपेक्षा मोठा लाभ मला वाटतो.

बार्सिलोनाने याहून कडक पाऊल उचलायचे ठरवले आहे. २०२४ च्या जुलैत तेथील मोर्चात उपाहारगृहांबाहेर बसलेल्या पाहुण्यांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या गेल्या, आणि ती छायाचित्रे सगळीकडे पोहोचली. त्याआधी एप्रिलमध्ये कॅनरी बेटांवर हजारो रहिवासी रस्त्यावर उतरले होते. मोर्चेकऱ्यांची तक्रार मुख्यतः घरांबद्दल होती: भाड्याची घरे पर्यटकांना दिवसाच्या दराने दिली जातात आणि शहरात काम करणाऱ्याला शहरात राहणे परवडत नाही. बार्सिलोनाच्या महापौरांनी जूनमध्ये जाहीर केले की पर्यटकांना भाड्याने देण्यासाठी परवाना असलेल्या १०,१०१ सदनिकांचे परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर नव्याने दिले जाणार नाहीत. या सदनिकांत उतरणारे लोक हॉटेलांकडे वळतील, शेजारच्या गावांत राहून दिवसापुरते शहरात येतील, की सुट्टीसाठी दुसरा देश निवडतील, यांपैकी पहिल्या दोन शक्यता मला जास्त संभवनीय वाटतात. आणि तसे झाले तर स्पेनच्या एकूण आगमनांच्या आकड्यात काहीही हलणार नाही, फक्त बार्सिलोनाच्या उपनगरी गाड्यांत सकाळी बसायला जागा मिळणे अधिक कठीण होईल.